बिशपसाहेबांचा डावा बूट

मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांच्या पाठीशी. मी दवाखान्यात रेकॉर्ड क्लार्क म्हणून रुजू झालो, त्या दिवशी हेडक्लार्कनं मला सगळीकडे फिरवून आणलं आणि शेवटी मागच्या अंगाच्या पत्र्याच्या शेडपाशी सोडून दिलं. आत एक माणूस भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसला होता. मी नमस्कार म्हणालो. उत्तर नाही. ऐकू कमी येत असेल असं समजून दोन पावलं पुढे गेलो आणि मोठ्यानं नमस्कार म्हणालो. तर तो माणूस न वळता म्हणाला, "मागच्या खिशात काय कोंबलं एवढं? उजव्या."

माझ्या उजव्या खिशात पाकीट होतं आणि त्यात अकोल्याच्या जठारपेठेतल्या घराच्या किल्ल्या, लायब्ररीचं कार्ड, देवांचे फोटो, एस.टी.ची जुनी तिकिटं असा सगळा संसार होता. "काढा ते," मिस्त्री म्हणाले. "त्याच्यावर बसून राहिले तर पन्नाशीत कंबर धरून चालसान." मला अपमान वाटला. पण पाकीट काढून शर्टाच्या खिशात ठेवलं. आज माझी पन्नाशी उलटली आहे आणि कंबर ठणठणीत आहे, हे कबूल करायला मला अजूनही जड जातं.

आमचा दवाखाना मिशनचा, हाडांचा. अमरावती-अकोला रस्त्यावर एस.टी. थांबली की कंडक्टर "हाडाचा दवाखाना" म्हणून ओरडतो आणि निम्मी गाडी कुणाचा ना कुणाचा हात धरून सावकाश उतरते. चर्चनं दिलेलं लांबलचक नाव बोर्डावर आहे, आणि ते बोर्डावरच राहिलं. चिंचेच्या झाडावरून पडलेले, बैलानं मारलेले, मोटारसायकलवरून घसरलेले, गुडघे झिजलेले, सगळे आमच्याकडे येतात. पण एके काळी इथले वॉर्ड भरलेले असायचे ते पोलिओ झालेल्या मुलांनी. अशा पायाला उभं राहायला आधार लागतो. दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे पट्टे, गुडघ्यापाशी एक कडी आणि खाली बूट. याला कॅलिपर म्हणतात, आणि ते मिस्त्री बनवायचे. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणत. रविवारी पाळकसाहेबसुद्धा प्रार्थनेत "आमच्या मिस्त्रींना आरोग्य दे" असंच म्हणायचे, आणि मिस्त्री कधी आजारी पडलेले मी पाहिले नाहीत, तेव्हा ती प्रार्थना बरोबर पत्त्यावर पोचत असावी.

ते भिंतीकडे तोंड करून का बसतात, हे मला दोन-चार दिवसांनी कळलं. नवा बूट पायात चढवला की पेशंटला समोरच्या सिमेंटच्या व्हरांड्यात चालायला लावायचं आणि आपण पाठ फिरवून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. बघायचं मुळीच नाही. "मिस्त्री पाहून राहिला म्हटलं का मानूस छाती काढून चालते," ते म्हणायचे. "डोळ्याले फसवता येते. आवाजात कोनी छाती काढत नाई." व्हरांड्यात पावलं वाजत जात, वाजत परत येत, आणि मिस्त्री डोळे मिटून मान हलवत. मग म्हणत, "डावा उशिरा येऊन राहिला. काढा, देतो घासून." पुन्हा चालायचं, पुन्हा ऐकायचं. कधी कधी एका बुटासाठी अर्धा दिवस. पेशंट वैतागायचा, मिस्त्री कधी वैतागले नाहीत.

बोलायचे मात्र कमी, कारण तोंडात कायम बारीक खिळे धरलेले असत. काही विचारलं तर खिळ्यांमधून हुंकार यायचा. त्यांनी सगळे खिळे तळहातावर काढून ठेवले की समजायचं, आता कुणाची तरी खैर नाही. मोठ्या डॉक्टरांनाही हे ठाऊक होतं. मिस्त्रींचा हात तोंडाकडे जाताना दिसला की ते "मला ओ.टी.ला जायचंय" म्हणून निघत.

माझ्यासाठी खिळे निघाले ते नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात. एका पेशंटची फाईल सापडत नव्हती. मी शेडच्या दारात उभा राहून आत हाक मारली, "मिस्त्री, तो अकोल्याचा लंगडा काल येऊन गेला का?" खिळे तळहातावर आले, एकेक मोजल्यासारखे. "बाबूजी, अठी बसा," ते म्हणाले. त्यांनी माझ्या धडधाकट उजव्या पायात एक जुनं कॅलिपर चढवलं, पट्टे आवळले, गुडघ्याची कडी लावली आणि म्हणाले, "संध्याकाळी पाच वाजता सोडतो. जा, फाईल शोधा."

तो दिवस मी विसरणार नाही. कडी लावली की गुडघा वाकत नाही. खुर्चीवर बसायचं तर आधी कडी उघडायची, उठायचं तर पुन्हा लावायची, आणि मधे कुणी "बाबूजी, जरा रजिस्टर" म्हटलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. खालच्या कपाटातल्या फायली मला दिवसभर मिळाल्या नाहीत. तेव्हाचा चहावाला मला बघून इतका हसला की त्याची किटली सांडली. पाच वाजता मिस्त्रींनी पट्टे सोडले आणि शांतपणे सांगितलं, "त्याईचा एक पाय हळू हाये, एक घाईचा. असं म्हना." तेव्हापासून आमच्या सगळ्या दवाखान्यात तसंच म्हणतात. नवीन आलेल्या डॉक्टरांना वाटतं हा वैद्यकशास्त्रातला एखादा शब्द असावा, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

हल्ली, निवृत्तीनंतर, मिस्त्री चांदूर रेल्वेला मुलीकडे असतात. मी कधी भेटायला जातो तर घरी सापडत नाहीत. स्टेशनवरच्या बाकावर, प्लॅटफॉर्मकडे पाठ करून बसलेले असतात. गाडी आली की उतरणाऱ्यांची पावलं ऐकतात आणि माझ्या कानाशी लागून म्हणतात, "तो तिसरा गेला न, त्याच्या चपलेचा अंगठा तुटून राहिला. दोन दिवस टिकन." मी वळून बघतो. तिसरा माणूस खरोखरच चप्पल फरफटवत चाललेला असतो.

दुसऱ्याच्या पादत्राणांत नाक खुपसण्याची ही खोड त्यांना पहिल्यापासून. कुणाची चाल कानाला खटकली की त्याला न विचारता दुरुस्ती करून टाकायची. मेट्रनबाईंनी वॉर्डाबाहेर काढून ठेवलेल्या सँडलमध्ये एकदा चामड्याची पट्टी सापडली. त्यांनी रागारागानं ती काढून फेकली आणि आठवड्यानं टाच दुखायला लागल्यावर शिपायाला कचऱ्यात शोधायला लावली.

आणि पेशंटला पहिला प्रश्न काय विचारत, तर "कोनती माती?" नाव नाही, वय नाही, दुखतं कुठे तेही नाही. माणूस गोंधळायचा. मिस्त्री समजावून सांगायचे, "तुमी ज्या मातीत चालता, तिच्या हिशोबानं तळ बनवा लागते." काळ्या मातीत पावसाळ्यात दोन पावलं टाकली की बुटाला दोन शेर चिखल लागतो, आणि ज्याचा पाय आधीच हळू त्याला तो उचलवत नाही. म्हणून वावरात जाणाऱ्यांच्या तळाला मिस्त्री चामडं कापायच्या रापीनं तिरप्या खाचा पाडत, चिखल आपोआप सुटून पडायचा. चिखलदऱ्याकडून येणाऱ्यांना पुढून जरा उचललेला तळ, चढावर ठेच लागू नये म्हणून. अमरावती-अकोल्याच्या शहरातल्यांना सपाट. "फरशीवाल्याईचं काम सोपं," असं ते थोडं तुच्छतेनं म्हणत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दवाखान्याच्या स्थापनेचा महोत्सव जवळ आला आणि इतिहास लिहायचं काम माझ्यावर पडलं. मी जीव ओतून लिहिला. परदेशातून आलेले पहिले डॉक्टर बैलगाडीतून कसे आले, चर्चनं जमीन कशी घेतली, कोनशिला कुणी बसवली, ऑपरेशन थिएटरला पहिला दिवा कधी लागला, एकामागून एक अधीक्षक, प्रत्येकाचा टाय लावलेला फोटो. पुस्तिका छापून आली तेव्हा मी पहिली प्रत मिस्त्रींकडे नेली. कौतुकाची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवत वाचली. मग खिळे काढले.

"बाबूजी, याच्यात पायच नाई."

"म्हणजे?"

"हाडाच्या दवाखान्याचं पुस्तक हाये आन याच्यात सारे मानसं कंबरेपासून वर हायेत."

ते मला हाताला धरून शेडच्या मागच्या भिंतीपाशी घेऊन गेले. ती भिंत मी रोज बघत होतो आणि कधीच बघितली नव्हती. नवा बूट देताना जुना काढून घ्यायचा आणि भिंतीला टांगायचा, अशी त्यांची रीत. भिंत वरपासून खालपर्यंत जुन्या बुटांनी भरली होती. काही माझ्या तळहातात मावतील एवढे. "पहिलं कॅलिपर घातलं तेव्हा हे लेकरू रडलं नाई, माह्याकडे पाहून हसलं," असं एकाबद्दल. "हे गुरुजी झाले, मूर्तिजापूरले," असं दुसऱ्याबद्दल. एका ओळीत एकाच डाव्या पायाचे अकरा बूट होते, वितीपेक्षा लहान ते पुरत्या बाईमाणसाच्या मापापर्यंत. "ह्या वच्छलाबाई," मिस्त्री म्हणाले. मी घरी जाऊन माझी पुस्तिका पुन्हा वाचली आणि मला तिची लाज वाटली. पण ती छापून झाली होती.

वच्छलाबाई अकोल्याजवळच्या एका माळी घरातल्या. घरचा भाजीपाला, आणि तो विकायला बाजारात बसतात त्या. बसतात म्हणणंही चूकच, त्या उभ्या असतात. "बसून भाजी इकली का गिऱ्हाइकाले आपलं डोकं दिसते, भाजी दिसत नाई," असं त्यांचं म्हणणं. लहानपणी पोलिओनं डावा पाय गेला, आणि मिस्त्रींच्या कॅलिपरवर त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या. वावरात पाणी द्यायला जातात, बाजारात हाळी देतात. मध्यंतरी कुठल्याशा शिबिरात त्यांना प्लास्टिकचं हलकं, तयार कॅलिपर मिळालं होतं. वस्तू वाईट नव्हती, फरशीवर झकास चालली असती. त्यांच्या वावरात पहिल्याच पाण्यात ती चिखलात रुतली आणि त्या तिथेच बसल्या, कुणी येईपर्यंत. "मग काय केलं त्याचं?" मी विचारलं होतं. "बुजगावन्याले घातलं," त्या म्हणाल्या. "आता एक चिमनी येत नाई."

महोत्सवाच्या सुमारासच त्यांच्या कॅलिपरची एक पट्टी गुडघ्यापाशी तडकली. आणि नेमकं तेव्हाच आमच्या व्यवस्थापन समितीच्या सचिवांनी ठराव आणला की मिस्त्रींची शेड बंद करावी. त्यात दुष्टपणा नव्हता. पोलिओ गेला, कॅलिपर मागणारे मोजके राहिले, गुडघे बदलून घेणारे वाढले, त्यांच्या व्यायामाला जागा हवी. कॅलिपर शहरातून तयार मागवता येतील. सचिव अमरावतीचे, निवृत्त इंजिनियर, कागदाला कागद लावून बोलणारे. समितीच्या सभेत ते कायम उभे राहून बोलत. आम्हाला तो रुबाब वाटायचा. ठरावावर शेवटचा शब्द बिशपसाहेबांचा होता, आणि महोत्सवाच्या दिवशी उपासनेनंतर शेडची पाहणी करून ते निर्णय देणार होते.

मी मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खिळे काढले नाहीत. फक्त हातातलं काम थांबवलं. मला त्याची फार भीती वाटली.

महोत्सवाच्या सकाळी वच्छलाबाई पहिल्या एस.टी.नं आल्या. तडकलेली पट्टी सुतळीनं बांधलेली. शेडमधल्या बाकावर पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, बंद होऊन राहिलं म्हनतात. तर माहं आधी करा." मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी कोपऱ्यात पुस्तिकांचे गठ्ठे सोडवत होतो. तेवढ्यात पाहुणे आले आणि व्हरांड्यातून चर्चकडे निघाले. सात-आठ जणांची पावलं. मिस्त्रींची मान एकदम ताठ झाली.

"बाबूजी, पुढे कोन चालून राहिलं?"

मी गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हणालो, "बिशपसाहेब. आणखी कोण असणार?"

"डावा पाय अर्धा इंच कमी हाये," मिस्त्री पुटपुटले. "आन एवढ्या वर्सात कोनी सांगतलं नाई मानसाले." त्यांच्या आवाजात खरीखुरी कळकळ होती. शेड जाणार होती, नोकरी जाणार होती, आणि या गृहस्थांना काळजी कशाची, तर बिशपसाहेबांच्या कमरेची.

आमच्या चर्चमध्ये पादत्राणं पायऱ्यांवर काढून आत सतरंजीवर बसायची पद्धत आहे. उपासना सुरू झाली. मी शेवटच्या रांगेत होतो. पहिलं गीत संपताना खिडकीतून पाहिलं, तर मिस्त्री बिशपसाहेबांच्या ड्रायव्हरशी काही बोलत होते आणि ड्रायव्हर बोटानं एक काळा, बक्कलवाला जोड दाखवत होता. उठून बाहेर जावं तर पाळकसाहेबांचं प्रवचन सुरू झालेलं, आणि त्यांच्या प्रवचनातून उठून गेलेल्या माणसाचं नाव ते पुढच्या रविवारी घेतात. मी बसून राहिलो. आमच्या पाळकसाहेबांचं प्रवचन कधीही तासाच्या आत संपत नाही, आणि मिस्त्रींना अर्धा इंच टाच चढवायला तेवढा वेळ पुरतो. शेवटच्या प्रार्थनेला ते कापडात गुंडाळलेला बूट जागेवर ठेवताना दिसले. वर पॉलिशही केलेलं होतं.

"काय केलंत हे?" बाहेर येताच मी कुजबुजलो.

"काई नाई. थोडं सपाट केलं मानसाले."

बिशपसाहेबांनी बूट घातले. उभे राहिले. पहिलं पाऊल टाकलं आणि थांबले. दुसरं टाकलं आणि पायरीकडे बघितलं, जणू पायरीचीच चूक असावी. व्हरांड्यात त्यांनी कठडा धरला. मोठे डॉक्टर हाडांचेच, त्यांचा चेहरा बदलला. "साहेब, कंबरेत काही त्रास?" ते म्हणाले. "सकाळपर्यंत तर नव्हता," बिशपसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर घाबरलेला होता. सचिवांनी पुढे होऊन हात दिला. एक उजवीकडे झुकलेला, दुसरा डावीकडे, असे दोघं शेडकडे आले.

शेडमध्ये मिस्त्री पाठ करून बसले होते. पावलं जवळ आली तशी त्यांची मान खाली खाली जात गेली. आणि मग ते वळले. इतक्या वर्षांत पेशंट चालत असताना मिस्त्री वळलेले मी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी बिशपसाहेबांच्या पायाकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं, एकेक करून खिळे तळहातावर काढले आणि उभे राहून म्हणाले, "सायेब, सलाम. तुमचा पाय चांगला होता. मी बिघडवला."

कुणाला काही कळेना. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. पावलं ऐकली, बूट नेला, टाच चढवली. माझं नाव घेतलं नाही. "चूक माही हाये," एवढंच म्हणाले. सचिवांचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे पाहुण्यांचा बूट पळवला! साहेब, आता आणखी काय बघायचं राहिलं? शेड बंद करायला याहून चांगलं कारण मलाही देता आलं नसतं."

मला वाटलं, संपलं. मी पुढे होऊन म्हणणार होतो की पुढे कोण चाललं होतं ते मी न बघता सांगितलं. म्हणणार होतो, पण पाय उचलला नाही. भित्रेपणा म्हणतात तो हाच, आणि त्याची टोचणी अजून आहे.

बोलल्या त्या वच्छलाबाई. बाकावरूनच. "काहून ओरडून राहिले भाऊ तुमी? एक दिवस अर्धा इंच कमीजास्त झाला तं सायेब घाबरले. मी जलमभर चालून राहिली. माह्या पायाचं कोन करन, ते सांगा आधी."

मग बिशपसाहेब त्यांच्या शेजारी बाकावर बसले. डावा बूट काढला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते त्यांनी लपवलं नाही. बूट उलटा करून टाच बघितली आणि त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग पोट हलवणारं. "बाई, मी व्हरांडाभर विचार करत होतो की आता उरलेलं आयुष्य असंच काढायचं," ते म्हणाले. "फार लांब वाटला हो व्हरांडा." मग मिस्त्रींकडे वळले. "पण तुम्ही ऐकलेला तो पाय कुणाचा?"

"मले काय माईत? चालून दाखवा सारे."

आणि सगळी समिती चालली. खजिनदार, पाळकसाहेब, मोठे डॉक्टर, सचिव, पाठोपाठ व्हरांड्याच्या टोकापर्यंत आणि परत. वॉर्डांच्या खिडक्यांत पेशंट जमले. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून बसलेले. "हे नाई. हे बी नाई. हे डॉक्टर, याईची चाल मले पाठ हाये. हे!" ते न वळता ओरडले. "हेच सकाळी पुढे होते."

ते सचिव होते. सकाळी चर्चचं दार उघडलं आहे की नाही बघायला ते सगळ्यांच्या पुढे गेले होते, असं तेव्हा उघड झालं. "हास्यास्पद आहे," सचिव म्हणाले. "कंबर दुखते का सायेब?" मिस्त्रींनी विचारलं. "बसवत नसन जास्त वेळ." सचिवांनी घड्याळ बघितलं. पण मला त्यांच्या उभ्यानं घेतलेल्या सगळ्या सभा आठवल्या, आणि मोठे डॉक्टर त्यांच्या पाठीकडे फार लक्षपूर्वक बघायला लागले.

सचिवांनी बूट काढून द्यायला साफ नकार दिला. बिशपसाहेबांनीही त्यांचा ठराव डावलला नाही. "पुढच्या सभेत घेऊ," एवढंच म्हणाले. मिस्त्रींनी बिशपसाहेबांच्या बुटाची चढवलेली टाच सोलून काढली, ती कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "त्या सायेबाईच्या फायलीत ठेवा. म्हना, डाव्या बुटात टाचेखाली." या वेळी मात्र मी भ्यालो नाही. महोत्सवाच्या पुस्तिकेबरोबर ती पुडी मी सचिवांच्या फायलीत घातली.

मधला महिना वाईट गेला. मिस्त्रींनी वच्छलाबाईंचं कॅलिपर करायला घेतलं, आणि एकाऐवजी दोन केली. जन्मात त्यांनी जादा कॅलिपर बनवलं नव्हतं. पाय बदलतो, आधीपासून करून ठेवलेलं पुढे लागत नाही, असं त्यांचं ठाम मत. मी म्हणालो, "मिस्त्री, दोन?" ते बराच वेळ पट्टी घासत राहिले. मग म्हणाले, "मी नसलो तं बाई कोनाकडे जाईन?" मी फाईल आणायचं निमित्त करून बाहेर पडलो.

सभेच्या आदल्या दिवशी वच्छलाबाई घालून बघायला आल्या. बाकावर पाय पसरून बसल्या होत्या. मी सभेच्या विषयपत्रिकेचा कच्चा मसुदा घेऊन शेडमध्येच आलो होतो, ठरावातला एक शब्द मिस्त्रींना विचारायला. आणि दारात सचिव उभे. एकटेच. हातात कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी एक तपकिरी बुटांचा जोड काढला, मग घरात घालायच्या चपला, मग बायकोच्या सँडल.

मिस्त्री भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, "या सायेब. नंबर हाये. बसा."

सचिव बाकाच्या कडेला टेकायला गेले. वच्छलाबाईंनी पाय जरासाही आवरला नाही. "तिकडे सरका भाऊ," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून आली हावो." सचिव सरकले. पिशवी मांडीवर घेऊन बसले, आणि चांगला अर्धा तास बसून राहिले.

न राहवून मी विचारलं, "साहेब, उद्याची विषयपत्रिका टाइप करायची आहे. शेड बंद करायचा विषय कितव्या क्रमांकावर घेऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रींच्या पाठीकडे.

"आधी माझा नंबर तर येऊ द्या," ते म्हणाले.

तो विषय मी अजूनही टाइप केलेला नाही.